कस्तुराबाईच्या सरपणातला उजेड

मळवली स्टेशनासमोर रज्जाकभाईंचं किराणा दुकान होतं. छत्तीस सालच्या श्रावणात तिथं मीठ-तेलापेक्षा भुतांचाच खप जास्त होता.

"म्या सोता बघितलं," कोंडाजी सांगत होता. "कस्तुराबाईच्या पडवीत हिरवा उजेड. दिवा न्हाई, धूर न्हाई. सरपणातनं कोन तरी बघतंय!"

"मला तर त्यात तोंड दिसलं," दुसरा म्हणाला. तिसऱ्यानं त्या तोंडाला दात बसवले.

कस्तुराबाई विधवा. रानातून मोळ्या आणून विकायची, एकटी राहायची. गावातली दोन पोरं तापानं फणफणली आणि लोक त्या उजेडाला चेटूक म्हणू लागले.

मग महिपती भगताला बोलावणं गेलं.

"वेताळाची पिल्लं हायती! बाईनं दूध पाजून पोसल्याती!" भगत गरजला. घोंगडीखाली अंधार करून त्यानं एकेकाला चमकतं लाकूड दाखवलं, मग त्यावर मंतरलेलं कढत पाणी ओतलं. उजेड विझला. लोकांनी हात जोडले.

"आता बाईच्या अंगातलं काढतो," असं म्हणून त्यानं उरलेलं पाणी कस्तुराबाईच्या दोन्ही हातांवर ओतलं.

तिची किंकाळी शाळेपर्यंत गेली. नसीर मास्तर धावत आले. त्यांनी तिला उचलून आपल्या घरी नेलं आणि पत्नीच्या, जाहिदाच्या, हवाली केलं.

दुसऱ्या दिवशी भरदुपारी मास्तरांनी भगताला आणि गावकऱ्यांना कोंडाजीच्याच घरी जमवलं.

"कोंडाजीभाऊ, तुमचं सरपण कुठलं?"

"त्याच रानातलं की."

मास्तरांनी त्यातला एक ओला, कुजका ओंडका माजघरात ठेवला. दार लावलं, झरोक्यात पोतं कोंबलं. बराच वेळ काहीच दिसेना. मग हळूहळू हिरवा उजेड उमटला.

"मास्तर," कोंडाजी मागं सरला, "माज्या घरात बी?"

"मग तुमच्या हातांवरही पाणी ओतायचं का?"

मास्तरांनी भगताच्या हाती थंड पाण्याचा तांब्या दिला. "म्हणा मंत्र."

भगत बराच वेळ पुटपुटला. पाणी ओतलं. उजेड तसाच. मग मास्तरांनी एक शब्दही न बोलता कढत पाणी ओतलं. उजेड गेला.

"ही बुरशी आहे. कुजक्या लाकडात वाढते. तिच्यातली एखादी जात अंधारात चमकते, आणि कढत पाण्यानं मरते. पोरांना हिवताप असेल, त्यांना दवाखान्यात न्या."

दार उघडताच भगत पसार झाला.

कोंडाजी मास्तरांच्या घरी गेला. कस्तुराबाईचे हात फडक्यांत गुंडाळलेले होते.

"मावशी, चुकलं आमचं."

"त्यो उजेड मला बी दिसायचा रं," ती म्हणाली. "मला वाटायचं, कुनीतरी सोबतीला हाय."

जखमा भरल्या, पण बोटं वाकडीच राहिली. मोळी बांधणं तिला पुन्हा कधी जमलं नाही.

न कळणारं काही दिसलं तर माणूस घाबरतो, त्यात लाज नाही. पण जवळ जाऊन बघा, विचारा, पडताळा घ्या. तेवढंही जमत नसेल, तर निदान कुणाच्या अंगाला हात लावू नका.