शुक्रवारचा प्रश्न

टॉर्मडने काळ्या टायची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. खाली स्वयंपाकघरात पाहुण्यांचे चमचे वाजत होते. प्रभुभोजनाच्या आठवड्यात लुइस बेटावरची घरं उपासनेसाठी आलेल्या पाहुण्यांनी भरतात. त्याची मुलगी इशबेल आपली खाट त्यांना देऊन बाकावर झोपत होती. देव मानत नाही म्हणणाऱ्या मुलीने देवाच्या माणसांना लापशी वाढावी, हे त्याला सलत होतं.

शुक्रवारी बोलायचं ते पुरुषांनी, बायकांनी ऐकायचं. चर्चमध्ये एक जण उठून शास्त्रातलं वचन देतो आणि विचारतो, खरा विश्वासणारा ओळखावा कसा. मग पाळक नावं घेतील तसे एकेक जण उत्तर देतात. प्रश्न देणाऱ्याने पुढे तोंड उघडायचं नाही. यंदा प्रश्न टॉर्मडचा होता. वचनही ठरलं होतं: देव नाही म्हणणाऱ्या मूर्खाचं. इशबेल उद्याच्या बोटीने ग्लासगोला परतणार होती. त्याआधी तिने ते साऱ्या गावादेखत ऐकावं, असा त्याचा हट्ट होता. आणि त्याचा हट्ट म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

तो खाली आला तेव्हा पाहुणे पुढे गेले होते.

"येणार आहेस ना?"

"येते. शेवटच्या बाकावर बसेन." इशबेल आईचा कोट अंगात घालत होती. "प्रश्न कुणासाठी आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे, बाबा. फिनलेआजोबा तर लापशी खाता खाता म्हणाले, पोरी, जाड कोट घाल, आज वारा तुझ्याच अंगावर येणार."

टॉर्मड हसला नाही. "गर्व आहे तुला, दुसरं काही नाही. गुडघे टेकायची लाज वाटते."

बटणं लावता लावता ती थांबली.

"आई गेली त्या दुपारी टेकले होते. ऐकणारं कुणी आहे असं वाटत नव्हतं, तरी टेकले. तिला प्रार्थना हवी होती. ती तुम्हाला हाक मारत होती, आणि तुम्ही कुंपण दुरुस्त करत होतात."

"मेंढ्या बाहेर पडल्या होत्या."

"एकही मेंढी बाहेर नव्हती, बाबा."

तिचा आवाज चढला नव्हता.

चर्चमध्ये तो नेहमीप्रमाणे मंडळीच्या ज्येष्ठांच्या बाकावर बसला, व्यासपीठाखाली, सगळ्यांकडे तोंड करून. स्तोत्र संपलं. पाळकांनी त्याच्याकडे पाहिलं. तो उठला. मूर्खाचं वचन जिभेवर तयार होतं. ते म्हटलं असतं तर त्याच्याबद्दल कुणाला काही कळलंही नसतं. पण शेवटच्या बाकावर बायकोचा कोट दिसत होता.

"वचन त्या बापाचं," तो म्हणाला, "जो आजारी मुलाला येशूकडे घेऊन आला. विश्वास आहे म्हणाला, आणि त्याच दमात अविश्वासातून सोडव म्हणून रडला." त्याने समोरचा कठडा धरला. "प्रश्न असा. मरणाऱ्या बायकोपाशी ज्याला प्रार्थना करवली नाही, आणि त्यानंतर जो प्रार्थनेत नुसते ओठ हलवत आला, त्याच्यात विश्वासाची कोणती खूण उरली असेल? भावांनी सांगावं. मला माहीत नाही."

पाळकांनी फिनलेचं नाव घेतलं. म्हातारा सावकाश उठला.

"मी दुसऱ्याच उत्तराची तयारी करून आलो होतो," तो म्हणाला आणि खाली बसला.

टॉर्मड ज्येष्ठांच्या बाकावर परत बसला नाही. साऱ्या चर्चमधून चालत तो शेवटच्या बाकापाशी गेला. इशबेल सरकली. पाळकांनी पुढचं नाव घेतलं तसा तिने कोटाच्या खिशात हात घातला, आणि उत्तरं सुरू झाली की आई तिला द्यायची तशी पेपरमिंटची एक गोळी त्याच्याकडे सरकवली.

त्याने ती तोंडात टाकली नाही. मुठीत धरली आणि डोळे मिटले. इशबेल त्याच्याकडे बघत होती. आज त्याचे ओठ हलत नव्हते.