सतरा नंबरची लाल गाडी

एर्मेसने वडिलांची शर्यतीची गाडी विकायला काढली, तेव्हा अख्ख्या गावाने सल्ले दिले आणि तोंड फुगवलं फक्त एकीने: नीवेसने, त्याच्या सोळा वर्षांच्या मुलीने. आजोबा ओलिंतोंनी ही बिनछपराची लाल गाडी घरामागच्या शेडमध्ये स्वतःच्या हातांनी ठोकून बनवली होती. अठरा पूर्ण झाली की हीच घेऊन घाटातल्या जुन्या गाड्यांच्या शर्यतीत उतरायचं, हे नीवेसने कधीच ठरवून टाकलं होतं. बाबांना तसं सांगितलंही होतं. ते इतके हसले की वाइन नाकातून आली.

गाडीच्या बॉनेटवर पांढऱ्या गोलात भलाथोरला १७ होता. आणि त्या मुलखात सतरा म्हणजे साक्षात अवदसा! हॉटेलवाले सोळानंतर थेट अठरा नंबरची खोली देतात, मग शर्यतीत तो कोण घेणार? आजोबांनी मुद्दाम मागून घेतला. "बाकीचे दोन हात लांब राहतील," म्हणाले. राहिलेही. शेवटच्या वळणावर गाडी सरळ द्राक्षमळ्यात घुसली आणि आजोबा द्राक्षं खात चालत बाहेर आले.

"सतरा नसता तर बाबा जिंकलेच असते," असं एर्मेस येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. मळ्यात घुसायच्या आधीही आजोबा सगळ्यांच्या मागेच होते, एवढं मात्र सांगायचं राहून जाई.

जाहिरात वाचून एका डच माणसाचा फोन आला. घरात इंग्रजी येणारी एकटी नीवेस. एर्मेस तिच्या खांद्यावर लटकलाच होता.

"काय म्हणतोय?"

"शनिवारी गाडी बघायला येतोय. विचारतोय, बॉनेटवरचा सतरा अजून आहे ना?"

एर्मेसचा चेहरा खर्रकन उतरला. अवदसा टाळायला लोखंडाला हात लावावा म्हणून तो गाडीकडे धावला. पण तिचं अंग ॲल्युमिनियमचं, म्हणून तसाच पुढे पळत जाऊन त्याने फाटकाची कडी धरली. "बघितलंस? हॉलंडपर्यंत धास्ती पोचलीय! सांग त्याला, अजिबात काळजी करू नका म्हणावं!"

नीवेसने इमानदारीत तेवढंच सांगितलं. पलीकडे माणूस आनंदाने ओरडलाच. सतरा नंबर घेऊन धावलेली गाडी तो कित्येक वर्षं शोधत होता! हे बाबांना सांगायला नीवेसने तोंड उघडलं. पण बाबा तोवर प्रिमोकाकाला हाका मारत सुटले होते. प्रिमोकाका म्हणजे गावातला गाड्या रंगवणारा. नीवेसने उघडलेलं तोंड हळूच मिटलं.

"एर्मेस, जुन्या गाडीचा रंग घालवू नये म्हणतात," प्रिमोकाका म्हणाला.

"कोण म्हणतं?"

"ज्यांना रंगवता येत नाही ते."

दोघं खदाखदा हसले आणि कामाला लागले. शुक्रवारपर्यंत गाडी लिपस्टिकसारखी चकाकत होती. बॉनेटवर सतराच्या जागी गुबगुबीत ८. "लग्नाचा केक झालाय," आई म्हणाली. एर्मेसला ते कौतुक वाटलं.

शनिवारी डच पाहुणा आला. अंगात झकास कोट, म्हणून एर्मेसने त्याला लगेच 'डॉक्टर' करून टाकलं. पाहुण्याने आईच्या हातच्या, सारण भरलेल्या काप्पेलेत्तीच्या दोन थाळ्या रिचवल्या आणि वर जेवणानंतर दुधाची कॉफी मागितली, जी तिथे फक्त सकाळी पितात. आईने विष कालवावं तशा चेहऱ्याने ती करून दिली. अशा माणसाला गाडी द्यायची?

मग एर्मेसने जादूगारासारखी चादर ओढली.

पाहुणा गाडीभोवती फिरला. वाकला. बॉनेटवरून बोट फिरवलं. "सतरा कुठाय?"

नीवेसने ते बाबांना सांगितलं.

"घालवला!" एर्मेसने छाती फुगवली. "मुळासकट! खास तुमच्यासाठी, डॉक्टर!"

तिने तेही शब्दन् शब्द सांगितलं. पाहुणा उलट्या बादलीवर मटकन बसला. "चकचकीत लाल गाड्या आमच्याकडे ढिगाने आहेत," तो म्हणाला. "मी सतरासाठी आलो होतो." आईचे आभार मानून तो निघूनही गेला. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

"सतराने जाता जाता डाव साधला," एर्मेस कपाळ धरून म्हणाला.

"सतराने नाही, बाबा. मी." नीवेस म्हणाली. "त्याला तो आकडा हवाच होता. मला फोनवरच कळलं होतं."

"आणि तू गप्प बसलीस?"

"गाडी मला हवीय. सांगितलं तेव्हा तुम्ही हसलात."

एर्मेसने बायकोकडे बघितलं. ती थाळ्या गोळा करत होती, पण तिचे खांदे हसण्याने गदगदत होते. आपल्या रंगकामाचं कौतुक ऐकायला आलेला प्रिमोकाका स्वतःच्या बुटांचं निरीक्षण करत होता.

"आता कोण घेणार ही?" एर्मेस पुटपुटला. मग त्याने गाडीत वाकून ब्रेक दाबून बघितला. "घाटात उतरायचं म्हणतेस, पण आधी ब्रेक दुरुस्त करायला हवेत. अजिबात लागत नाहीत."

"मग इतके दिवस का नाही केले?"

"अगं, विकणार होतो ना!"