उमेदवाराची बायको

दवाखान्याच्या धुलाईघरात सकाळची पहिली खेप वाळून आली होती. अक्का आणि तिची जोडीदारीण समोरासमोर उभ्या राहून चादरी झटकत होत्या, कोपऱ्याला कोपरा जुळवत होत्या. "या चादरींना तोंड फुटलं, तर डॉक्टरांची काही खैर नाही," जोडीदारीण म्हणाली आणि दोघी हसल्या. तेवढ्यात फाटकाशी एक जीप थांबली. तिच्या दारावर हात जोडून हसणाऱ्या माणसाचा फोटो होता. तो पाहिला मात्र, अक्काच्या हातातलं चादरीचं टोक गळून पडलं.

तो तिचा नवरा होता. मूल होत नाही म्हणून त्यानं तिला ऐन तारुण्यात घराबाहेर काढलं होतं. ना काडीमोड, ना पोटगी. टाकली, एवढंच. 'टाकलेली' हा शिक्का कपाळी घेऊन ती भावाच्या घरी राहिली होती. आता तो विधानसभेला उभा होता.

जीपमधून त्याचा वकील उतरला. प्रचाराची सूत्रं त्याच्याच हातात होती. "वहिनी, साहेबांनी मानानं घरी बोलावलंय. उद्या गाडी पाठवतो."

मानाचं कारण उघड होतं. विरोधक प्रत्येक सभेत विचारत होते, "ज्याला घरची बायको सांभाळता आली नाही, तो मतदारसंघ काय सांभाळणार?" या प्रश्नाला एकच उत्तर होतं. बायकोला व्यासपीठावर आणून बसवायचं.

अक्का संध्याकाळी घरी पोहोचण्याआधीच वकील भावाला भेटून गेला होता. भाऊ घड्याळं दुरुस्त करायचा. डोळ्यावरचं भिंग काढून तो खुशीत म्हणाला, "सुटलीस बघ! लोकांची तोंडं बंद होतील. आपल्या पोरालाही नोकरीला लावतो म्हणालेत."

"दादा, मला भीती वाटते."

"कसली भीती? परका आहे का तो? नवरा आहे तुझा."

"परका असता, तर एवढी वाटली नसती."

चुलीपुढे बसलेली भावाची बायको, अक्काची वहिनी, थबकली. "अक्कांच्या मनात नसेल, तर..."

"तू मधे पडू नकोस," भावानं तिला गप्प केलं. ज्याच्या घरात राहायचं त्याला नाही कसं म्हणायचं, हे अक्काला कुणी कधी शिकवलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती त्या घराची पायरी चढली. भिंतींना नवा रंग होता, ओसरीत झेंड्यांचे ढीग होते. जिन्याखालचं बुटकं दार मात्र तसंच होतं. ते दिसताच ती चार पावलं दूर सरकून चालू लागली. तिला पाठीमागच्या खोलीत नेऊन नवी साडी दिली. निऱ्या धरायला धाकट्या दिराची बायको आली. दोघी एकमेकींना पहिल्यांदाच पाहत होत्या. पोरगी अगदी काडीसारखी, नजर सारखी दाराकडे.

"ताई, एक विचारू?" ती कुजबुजली. "त्या जिन्याखालच्या खोलीत तुम्ही वेळ कसा काढायचात?"

अक्कानं निऱ्या धरलेला तिचा हात पकडला. "तुला कुणी सांगितलं त्या खोलीचं?"

"सांगायला कशाला हवं? मलाही अजून मूल नाही."

एवढ्यात नवरा आत आला. जाऊ भिंतीला चिकटून निसटली. "काय, बरी आहेस ना?" तो बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. मग अगदी जवळ येऊन पुटपुटला, "दोन वाक्यं बोलायची. आमचं सगळं छान चाललंय. साहेबांना मत द्या. तिसरं निघालं, तर खोली अजून तिथंच आहे."

महिला मेळावा खचाखच भरला होता. अक्काला माईकपुढे उभं केलं. तिनं टेबलाची कड घट्ट धरली. समोर नुसती डोकी दिसत होती. व्यासपीठाच्या टोकाला जाऊ बसली होती, मांडीवर हात बांधून, मार खायच्या आधी पोर बसतं तशी.

"आमचं सगळं छान चाललंय," अक्का म्हणाली. टाळ्या पडल्या. नवरा हसला. "असं बोलायला मला सांगितलंय."

टाळ्या थांबल्या.

"यांनी मला टाकलं. त्याआधी मूल होत नाही म्हणून जिन्याखाली कोंडायचे. मी दार बडवायचे. शेजारपाजारचे ऐकायचे. मी सुटले. आता तिथं हिला कोंडतात."

माईक बंद पडला. "फितवलीय! विरोधकांनी फितवलीय!" कुणी तरी ओरडलं. अक्कानं वळून जावेपुढे हात धरला. "येतेस?" पोरीनं दाराशी उभ्या आपल्या नवऱ्याकडे पाहिलं. तरी ती उठली. इतक्या लोकांदेखत त्यांना अडवायला कुणी धजलं नाही. खुर्च्यांवरच्या बायकांनी गुडघे बाजूला घेऊन वाट दिली.

घरी भावानं डोकं धरलं. "आता या पोरीला कुठे ठेवू? राखरांगोळी करतील ते आपली!" तो वाईट नव्हता, भ्यायला होता. पण आजवर गप्प राहिलेली वहिनी पुढे झाली. "ती माझ्याजवळ झोपेल. तुम्ही आधी दार लावा."

मतमोजणीच्या आदल्या दिवशी तिघी पोलीस ठाण्यात गेल्या. अंमलदारानं टेबलावरचा चहा संपवला, मग तो म्हणाला, "उद्या ते आमदार होतील. निकालानंतर या ना."

"उद्या तुम्ही लिहून घ्याल का?" वहिनीनं विचारलं.

त्यानं मान खाली घातली आणि तक्रार लिहून घेतली. "पण साक्षीदार कोण आहे?" साक्षीदाराची जागा कोरी ठेवून तिघी बाहेर पडल्या.

तो निवडून आला. मिरवणूक मुद्दाम त्यांच्या गल्लीतून वळवली होती. कुणी तरी दारावर दगड भिरकावला. जाऊ अक्काच्या कुशीत शिरली. अक्का तिला थोपटत राहिली. लोकांनी मतं दिली होती. त्या मेळाव्यातल्या बायकांनीही दिली असतील.

दोन दिवसांनी भरदुपारी दार वाजलं. वहिनीनं फटीतून पाहिलं. बाहेर एक म्हातारी एकटीच उभी होती. पदर तोंडावर ओढलेला, नजर गल्लीच्या टोकाकडे. दार उघडताच ती जवळजवळ ढकलल्यासारखी आत आली.

"मी त्यांच्या शेजारची. भिंतीला भिंत आहे आमची." तिनं अक्काकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली. "तू दार बडवायचीस, तेव्हा आमचे हे रेडिओ मोठा करायचे. हिच्या वेळी मीच केला." ती भिंतीला टेकून खाली बसली.

"साक्षीदार हवाय म्हणे. मी येते. पण आधी घोटभर पाणी द्या गं. फार भ्यालेय मी."