चौथ्या मजल्यावरचे रहिवासी

दिवाळीच्या सुट्टीत लेकीला, दिव्याला, मेट्रोत बसवायचं, असं भीमराजनं कबूल केलं होतं. तो वसमतला शाळेच्या पोरांची ऑटो चालवायचा. शाळा बंद म्हणजे कमाई बंद, म्हणून पुण्याच्या चार दिवसांत राहण्यावर काही खर्च करायचा नाही, असं त्यानं आणि त्याच्या बायकोनं, विजयश्रीनं, निघण्याआधीच ठरवलं होतं. काळेवाडीत विजयश्रीच्या मावसभावाची खोली होती, तिथंच अंग टाकायचं. पण ते पोचले त्याच दिवशी भावजयीच्या माहेरची सहा माणसं येऊन बसली होती. पिंपरीतल्या लॉजचा भाव ऐकून भीमराज काउंटरवरूनच परत फिरला.

मावसभावानं मग रणजीतला फोन लावला. रणजीत चऱ्होलीच्या जुन्या घराण्यातला, तिथल्या एका बिल्डरचे फ्लॅट विकून द्यायचा. भेटल्यावर तो आदबीनं बोलला. चौथ्या मजल्यावर एक फ्लॅट सामानासकट तयार आहे, खुशाल राहा, पैशाचं नाव काढू नका, म्हणाला. कुणी बघायला आलं तर दार उघडायचं आणि पाणी विचारायचं, एवढंच काम.

फ्लॅट चांगला होता. गादी, गॅस, टीव्ही, सगळं होतं. दारावर मात्र गायकवाड परिवार अशी पाटी होती आणि गॅलरीत एका लहान मुलाचा शाळेचा गणवेश वाळत घातलेला होता. विजयश्रीनं तो काढायला हात लावला, तर कापड खांद्यावर विटून विरलं होतं. कित्येक महिन्यांत ते कुणी उचललेलं नव्हतं.

संध्याकाळी साडेसहाला समोरच्या इमारतीत आठ घरांमध्ये एकदम दिवे लागले. दिव्या गॅलरीत उभी राहून कुणी दिसतंय का बघत होती. एकाही खिडकीत माणूस आलं नाही. कुठं कुकरची शिट्टी नाही, कुठं टीव्हीचा आवाज नाही. जेवणं उरकता उरकता आठही दिवे एकदम गेले. भीमराज म्हणाला, लाइट गेली असेल. पण त्यांच्या घरातली चालूच होती.

दुसरा दिवस मात्र मजेत गेला. तिघं पिंपरीहून मेट्रोत बसले, नदी वरून बघितली, घरून आणलेल्या दशम्या बागेत बसून खाल्ल्या. परत आले तेव्हा रणजीत जिन्यात उभा होता. त्यानं दिव्याला चॉकलेट दिलं आणि तिच्याकडून एका शाळेचं नाव तीनदा म्हणवून घेतलं. कुणी विचारलं तर हीच तुझी शाळा, असं सांगितलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी राजगुरुनगरहून एक जोडपं आलं. यशवंतराव चाकणच्या कारखान्यातून नुकतेच निवृत्त झाले होते. ते रणजीतबरोबर हॉलमध्ये भिंती ठोकून बघत होते. त्यांच्या पत्नी, इंदुताई, स्वयंपाकघरात आल्या. नळाला पाणी किती वेळ असतं, उन्हाळ्यात टँकर लागतो का, शेजार कसा आहे, असं त्या विचारत राहिल्या. विजयश्री जमेल तसं उत्तर देत होती. मग इंदुताईंनी आवाज खाली आणला.

"खरं सांग पोरी, तुम्ही इथं राहता ना? आमची सगळी जमापुंजी यात जाणार आहे."

विजयश्रीनं दाराकडे बघितलं. रणजीत तिथं येऊन उभा होता. त्याच्या एका हातात मोबाइल होता, तिच्याकडे रोखलेला. दुसरा हात दिव्याच्या डोक्यावर होता. तो केस कुरवाळत नव्हता, नुसता ठेवलेला होता.

"हो," विजयश्री म्हणाली. "दीड वर्ष झालं."

इंदुताईंचा चेहरा मोकळा झाला. आता आपण शेजारी होणार, म्हणत त्यांनी विजयश्रीचा नंबर घेतला आणि मिस कॉल दिला.

ते गेल्यावर विजयश्रीनं ताट बाजूला सारलं. "आपण खोटं बोलायलो," ती नवऱ्याला म्हणाली. भीमराजनं मान खाली घातली. एका दिवसाचा प्रश्न आहे, उद्या आपण आपल्या गावी, असं तो पुटपुटला.

दुपारी ती कचरा टाकायला खाली गेली. जिना झाडणारी छबूबाई गावातलीच, साठीची बाई. तिनं आधी वरखाली बघितलं, मग विचारलं, किती दिसांसाठी आलाय. विजयश्रीनं सांगितलं.

"त्या मागल्या बिल्डिंगीतली माणसं बी चारच दिसांसाठी आली व्हती," छबूबाई म्हणाली. "वरीस झालं. रणजीत जाऊ देत न्हाई. मोबाइलात त्यांचं बोलणं हाय. घर घेतलेल्या लोकांनी तक्रार केली तर आधी तुमीच आत जाणार, आसं सांगतो त्यान्ला. ह्या इमारतीला परवानगी न्हाई, बाई. पालिकेवाल्यांनी कागद चिकटवला व्हता दारावर. माझ्याच हातानं फाडायला लावला."

विजयश्री वर आली. तिनं भीमराजला उठवलं, दिव्याच्या पायात चपला घातल्या. बॅगा घेतल्या तर दिसेल, म्हणून सगळं सामान तसंच ठेवलं. दूध आणायला निघाल्यासारखे तिघं फाटकातून बाहेर पडले आणि मिळेल त्या रिक्षानं आळंदीला आले. स्टँडवर उभं राहून तिनं इंदुताईंना फोन लावला. काय सांगायचं ते एका दमात सांगितलं.

चार वाजता रणजीतच्या ऑफिसात चेक द्यायचाय, हे केव्हाच निघालेत, त्यांचा फोन घरीच राहिलाय, असं इंदुताई म्हणाल्या.

सव्वातीन झाले होते. भीमराज म्हणत होता की आपण सांगायचं काम केलं, आता गाडी धरू. त्याचंही चुकत नव्हतं. विजयश्रीनं त्याला दिव्याला घेऊन काळेवाडीला जायला सांगितलं आणि ती एकटी परत चऱ्होलीच्या रिक्षात बसली. अख्खा रस्ता ती पदराचं टोक मुठीत धरून होती.

तळमजल्यावरच्या ऑफिसात यशवंतराव पेनाचं टोपण काढत होते. रणजीतनं तिला बघितलं आणि हसून खुर्ची पुढं केली.

"बसा वहिनी. भाऊ कुठंयत?"

ती बसली नाही. "काका, मी वसमतची आहे," ती म्हणाली. "परवा आले. सकाळी मी तुमच्या घरच्यांना खोटं सांगितलं. या इमारतीत कुणीच राहत नाही."

यशवंतरावांनी तिच्याकडे बघितलं, मग रणजीतकडे. पेन तसंच उघडं ठेवून त्यांनी चेकबुक खिशात घातलं. रणजीत चिडला नाही. त्यानं मोबाइल काढून टेबलावर ठेवला आणि हळू आवाजात म्हणाला, की वहिनींचं बोलणं यात आहे, बाकी त्यांची मर्जी.

यशवंतराव तिला घेऊन थेट पोलिसांत गेले. जबाबात पहिलं नाव तिचंच लिहिलं गेलं. पुन्हा बोलवू, तोवर जवळपास राहा, असं तिला सांगण्यात आलं. भीमराजला शाळा सुरू होण्याआधी परतावं लागलं. दिव्यालाही त्यानं नेलं. विजयश्री राजगुरुनगरला इंदुताईंकडे राहिली. इंदुताई तिच्याशी पहिले दोन दिवस कामापुरतंच बोलत होत्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी दोघी मेथी निवडत बसल्या असताना घरासमोर एक गाडी येऊन थांबली. काचा काळ्या होत्या. इंजिन चालूच होतं, कुणी उतरलं नाही. दार लावून घेऊ का, असं विजयश्रीनं विचारलं.

"नको," इंदुताई म्हणाल्या. त्यांनी मेथीची परात उचलली, उंबऱ्याजवळ नेऊन ठेवली आणि तिलाही शेजारी बसायला सांगितलं. गाडी हलली नाही. दोघी गाडीकडे तोंड करून मेथी निवडत राहिल्या.