उपासाची चक्कर

लग्नाची तारीख ठरली तेव्हापासून आमच्या आगाशीच्या घरात एकच विषय होता, बुडी मारायला कुठे जायचं. हॉल ठरला होता, साड्या घेऊन झाल्या होत्या. पण माझी नात स्वप्ना आणि तिचा होणारा नवरा सुमेध यांना लग्नानंतर पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्राच्या तळाशी जायचं होतं, आणि जगात तशा जागा इतक्या की त्यांचं एकमत होईना.

रविवारी दुपारी जेवणं आटोपली की स्वप्ना लॅपटॉप घेऊन ओटीवर माझ्या शेजारी बसायची. माझं माहेर वैतरणेच्या खाडीकाठचं. अठ्ठ्याहत्तर वर्षं झाली मला, पण पाण्याचं मला अजून कळतं असं तिने ठरवून टाकलं होतं.

"आजी, ऐक. आम्हाला आरामाचं हवंय. सुमेध पोहतो, पण पाण्याला ओढ असली की घाबरतो. पाणी गरम पाहिजे, म्हणजे तो रबराचा जाड सूट घालायला नको. आणि काठावरून चालत उतरता आलं पाहिजे. बोटीतून पाठमोरी उडी मारायला तो तयार नाही."

"मग त्याला बादलीत बसव आणि वरून गरम पाणी ओत."

"आजी!" ती हसली. "मालवण जवळ आहे, पण सुट्टीत गर्दी फार. कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाला बोटीतून लांब जावं लागतं, त्याला बोट लागते. मालदीवला पाणी छान, पण बेटांच्या मधून जोराचा प्रवाह असतो म्हणे. थायलंडला एक बेट आहे, सगळे तिथेच शिकतात."

"आणि अंदमान?"

"तेच बरं वाटतंय. जानेवारीत समुद्र शांत, पाणी कोमट, दहा-बारा फूट खोल पाण्यातच प्रवाळ. शिकवणारा हात धरून नेतो."

"वरवर पोहून मासे दिसत नाहीत का?"

"दिसतात गं. पण ते म्हणजे हॉटेलच्या दारात उभं राहून मेनूकार्ड वाचायचं आणि घरी यायचं."

आतून तिची आई, माझी सून विनिता, ओरडली, "मनालीला जा की! सगळे जातात. बर्फ बघा, फोटो काढा."

"आई, बर्फात मासे असतात का?"

"फ्रीजमध्ये असतात, ते बघ!"

स्वप्ना खो खो हसली. मला हसू आलं नाही. विनिता मनाली का म्हणते ते मला ठाऊक होतं. चौथ्या वर्षी स्वप्नाला पहिली फिट आली, ताप नसताना. याच ओटीवर. पुढे वसईच्या डॉक्टरांनी डोक्याला तारा लावून तपासणी केली, गोळ्या चालू केल्या. त्या पोरीला आम्ही बुद्धीच्या गोळ्या म्हणून दिल्या. शाळेत तिचा नंबर वर यायचा तेव्हा ती म्हणायची, "गोळीमुळे आला." नवव्या वर्षी डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या आणि त्या दिवसापासून घरात तो शब्द कोणी उच्चारला नाही. पहिलं स्थळ सांगून आलं तेव्हा विनिताने सगळे जुने कागद रद्दीत घातले. माझा मुलगा जितेंद्र काही बोलला नाही. मीही नाही.

संध्याकाळी आम्ही दोघी वाल सोलत बसलो होतो.

"आई, तुम्ही तिला अंदमान सुचवता?" विनिता दबक्या आवाजात म्हणाली. "शुद्धीवर आहात ना?"

"विनिता, तिला सांगायला हवं."

"तीन आठवड्यांवर लग्न आलंय. आता सांगायचं? सुमेधची आई म्हणेल, फिटवाली मुलगी गळ्यात बांधली."

"आणि पाण्याखाली आली तर?"

"अठरा वर्षं झाली, आई. गोळ्या बंद झाल्यापासून एकदा तरी आली का? सांगा ना. आली का?"

मी वाल सोलत राहिले.

आली होती. स्वप्ना चौदा वर्षांची असताना, हरतालिकेच्या दिवशी. मैत्रिणींच्या नादाने तिने निर्जळी उपास धरला होता. विनिता कामावर, जितेंद्र कामावर, घरात आम्ही दोघीच. मागच्या पडवीत ती पडली, हातपाय ताठ झाले, तोंडाला फेस आला. मी तिला कुशीवर वळवलं आणि धरून बसले. शुद्धीवर आल्यावर तिला काही आठवेना. मी म्हटलं, उपासाची चक्कर आली तुला. तिने मान डोलावली, लिंबू सरबत प्यायली आणि झोपली. संध्याकाळी विनिता आली, तेव्हा तिला सांगायला माझी जीभ रेटली नाही. गोळ्या सुटल्याचा तिला इतका आनंद होता. पुन्हा झालं तर सांगेन, असं मी मनाशी ठरवलं. माझ्या समोर पुन्हा झालं नाही.

खरं म्हणजे लपवण्याची ही माझी पहिली वेळ नव्हती.

आमच्या गावचे पुरुष खाडीतून रेती काढायचे. होडी उभी करून तळापर्यंत बांबू रोवायचा, त्याला धरून माणूस बादली घेऊन खाली जायचा, चिखलाच्या पाण्यात डोळे मिटून रेती भरायची आणि दोरीला हिसका द्यायचा. वरचा गडी बादली ओढून घ्यायचा. याला डुबी मारणं म्हणतात. माझा थोरला भाऊ बळीराम डुबी मारायचा. हिवाळ्यात ओठ काळेनिळे करून घरी यायचा आणि चुलीपाशी बसून म्हणायचा, "यमे, पानी बरफ झालंय. चा टाक." छातीत दम असा, की त्याच्याएवढा वेळ कोणी खाली राहत नसे. मुद्दाम राहायचा, वरच्या गड्याला घाबरवायला.

त्याला फेफरं होतं. आम्हा घरच्यांनाच ठाऊक. बाबांनी होडीवर कोणाला कळू दिलं नाही. कळलं असतं तर बळीरामला कोणी पाण्यात उतरू दिलं नसतं, आणि माझं लग्न व्हायचं होतं. असलं काही घरात आहे म्हटल्यावर मुलीला कोण पत्करणार.

एके सकाळी दोरीला हिसका आला नाही. वरचा गडी हसत बसून राहिला. त्याला वाटलं, बळ्या चेष्टा करतोय. त्याला खरं माहीत असतं तर दोरी सैल पडताक्षणी त्याने उडी घेतली असती. बाराव्याच्या दिवशी तो आमच्या दारात येऊन बाबांना विचारत होता, "त्याला काय व्हतं काय, काका? खरं सांगा." बाबा म्हणाले, "काय नव्हतं." मी दाराआड उभी होते. एकोणीस वर्षांची. तो गडी पुढे कधी होडीवर चढला नाही. आपल्यामुळे गेला, असं धरून बसला. सहा महिन्यांनी माझं लग्न झालं आणि मी आगाशीला आले. सासरी कोणी काही विचारलं नाही.

पुढच्या रविवारी स्वप्ना ओटीवर आली ती नाचतच. "आजी, अंदमान फायनल! सुमेधने पण हो म्हटलं. आता फक्त हा फॉर्म भरायचा, तब्येतीचा. तू बस, मी वाचते, म्हणजे तुलाही कळेल किती काळजी घेतात."

ती एकेक प्रश्न मराठीत करून वाचायला लागली. दमा? नाही. कानाचं ऑपरेशन? नाही. हृदयाचं काही? "सुमेधचं गेलंय माझ्याकडे, ते लिहू का?" स्वतःच्याच विनोदावर ती हसली. मग स्क्रीनकडे वाकून म्हणाली, "फिट, झटके किंवा शुद्ध हरपणं, आयुष्यात कधीही. नाही. थांब हं, आजी, ती उपासाची चक्कर आली होती ना मला? शाळेत असताना? ती धरायची का?"

आत भांड्यांचा आवाज थांबला.

"ती चक्कर नव्हती," मी म्हटलं.

"मग?"

"फिट होती. आणि ती पहिली नव्हती. चौथ्या वर्षापासून तुला यायच्या. बुद्धीच्या गोळ्या त्यासाठीच होत्या."

विनिता ओल्या हातांनीच बाहेर आली. "आई! काय बोलताय तुम्ही? स्वप्ना, लहान मुलांना होतं ते. नवव्या वर्षी संपलं सगळं."

"आजी शाळेतलं सांगतेय."

"काहीतरीच. तिचं वय झालंय."

"चौदाव्या वर्षी आली," मी म्हटलं. "हरतालिकेला, मागच्या पडवीत. तीन-चार मिनिटं होती. विनिता, मी तुलाही सांगितलं नाही."

विनिताने भिंतीला हात टेकला.

स्वप्नाने लॅपटॉप मिटला. रडली नाही ती. बराच वेळ गेटाशी लावलेल्या आपल्या स्कूटरकडे बघत राहिली.

"मी रोज ही चालवते," ती म्हणाली. "खुशीला शाळेत सोडायची मागे बसवून. शेजारच्यांची पोर, सात वर्षांची. तू इथेच बसून टाटा करायचीस, आजी."



तिने सुमेधला फोन लावला आणि मुद्दाम आवाज मोठा केला, आम्हा दोघींना ऐकू यावा म्हणून. न अडखळता सगळं सांगितलं. मग तो म्हणाला, "तू ठीक आहेस ना आत्ता?"

"आत्ता ठीक आहे. पण मला आधी डॉक्टरकडे जायचंय. बुडी बहुतेक नाहीच."

"बुडीचं सोड गं. आपण किनाऱ्यावर बसू, नारळपाणी पिऊ. मला तर सुटल्यासारखं झालं." तो हसण्याचा प्रयत्न करत होता. मुलगा चांगला आहे. मग आवाज खाली आणून म्हणाला, "फक्त एक कर. आईला आत्ता नको सांगूया. लग्न होऊ दे. नंतर बघू."

विनिताने सुस्कारा सोडला. तो सुस्कारा मी ओळखला. बाबांनी त्या गड्याला परत पाठवून दार लोटलं, तेव्हा माझ्याही तोंडून तसाच निघाला होता.

स्वप्ना म्हणाली, "नाही. मी आज येते. आजीला घेऊन येते. तारखा तिलाच पाठ आहेत."

"स्वप्ना, जरा विचार कर," विनिता म्हणाली.

"तुम्ही विचार केलात तो पुरे झाला."

मी आत जाऊन लुगडं बदललं. चपला घालताना विनिता माझ्यापाशी आली. वाटलं, अडवेल. ती म्हणाली, "पहिली आली तेव्हा दिवाळी झाली होती, आई. तुळशीच्या लग्नाच्या आधी. विसराल तर." आणि आत निघून गेली.

स्वप्नाने स्कूटरला हात लावला नाही. दोन रिक्षा बदलून आम्ही गोखिवऱ्याला गेलो. वाटेत पुलावर रिक्षाला गचका बसला तेव्हा सवयीने तिने माझा दंड धरला आणि लगेच सोडून दिला.

दार सुमेधच्या आईनेच उघडलं. मागे सुमेध उभा होता, पांढराफटक पडलेला.

"अगंबाई, आजी! तुम्ही कशाला त्रास घेतलात? बसा, बसा. चहा टाकते."

तिने पंखा लावला, खुर्ची पुढे केली. स्वप्ना दाराशीच थांबली होती.

"चहा मागाहून," मी उभ्यानेच म्हटलं. "आधी माझं ऐकून घ्या. मग तुम्हाला करावासा वाटला तर करा."