लोण्याची चौदा पोती

कॉफी बकरीने शोधली, हे मी मेस्फिनच्या तोंडून निदान वीस वेळा ऐकलं असेल. परदेशी गिऱ्हाईक आलं की हा निर्यातदार खुर्ची पुढे ओढतो आणि सुरू होतो. एक गुराखी होता, त्याच्या बकऱ्यांनी लाल फळं खाल्ली, बकऱ्या नाचायला लागल्या. गिऱ्हाईक हसतं, वहीत लिहून घेतं. एकदा मी मधेच म्हटलं, "मग आता दाणे निवडायलाही बकऱ्याच बसव." माझं बोलणं गिऱ्हाइकाला कळलं नाही. मेस्फिनला कळलं. तेव्हापासून तो पाहुणे आणायच्या आधी मी निवडणीच्या शेडमध्ये आहे की नाही ते विचारून घेतो.

कॉफीचा इतिहास सांगायचाच तर मी सांगते, आणि तो थोडक्यात आहे. माझ्या पणजीच्या काळात बादशहाचे जमीनदार आमची कॉफी न्यायचे. आईच्या काळात सरकार न्यायचं, दर तेच ठरवायचं. माझ्या काळात व्यापारी नेऊ लागले. नेणारे बदलले, खुडणाऱ्या बायका त्याच. आणि आणखी एक गोष्ट बदलली नाही. चांगला दाणा जहाजावर जायचा आणि काळा, तुटका, किडका दाणा आमच्या चुलीवर यायचा. आमच्या या बेन्साच्या डोंगरात ज्या कॉफीसाठी जगभरची माणसं येतात, ती आम्ही कधी प्यायलोच नव्हतो.

म्हणून आमच्या दंबालो गावाने ठरवलं की यंदाची कॉफी मेस्फिनला द्यायची नाही. आपणच वाळवायची, आपणच निवडायची, आणि पोत्यावर आपल्या गावाचं नाव छापून थेट बाहेर पाठवायची. परवाना काढायला दोन वर्षं गेली. ऐंशी घरांची कॉफी गावाच्या शेडमध्ये एकत्र केली. निवडलेल्या दाण्यांची सत्तर पोती भरली. आता फक्त हवासा शहरातल्या चव तपासणाऱ्या केंद्राने पहिला दर्जा द्यायचा होता. तो मिळाला की पोत्यावर दंबालो. नाही मिळाला तर माल देशातल्या बाजारात, बिननावाचा, आणि तिथे मेस्फिन टपूनच बसलेला.

निवडणाऱ्या चाळीस बायकांची मुकादम मी. त्यामुळे पुढे जे झालं त्याचा दोषही माझाच. आधीच सांगून टाकते.

ताट घेऊन मीच गेले होते हवासाला. ताट म्हणजे नमुन्याचं. रुत नावाची तरुण पोरगी तिथे चव घेते. पाच कप मांडले, गरम पाणी ओतलं, थांबली, मग चमचा तोंडाशी नेऊन असा सुरका मारला की भिंतीवरची पाल पळाली असती. पहिल्या कपाला तिचे डोळे लकाकले. दुसऱ्यालाही. तिसऱ्याला थांबली. चौथ्याला थुंकली. पुन्हा तिसऱ्यावर आली.

"ताई, ही कॉफी फार वरची आहे," ती म्हणाली. "संत्र्याच्या सालीसारखी. खाली मध आहे."

"मग थुंकलीस का?"

"कारण दोन कपांत खवट लोणी आहे."

मी ताडकन उठले. "कॉफीच्या दाण्याला लोणी कुठून लागणार? झाडाला आचळं असतात होय?"

तिने वाटीतले कच्चे दाणे माझ्या नाकाखाली धरले. मी वास घेतला. गवताचा, पोत्याचा. बाकी काही नाही. तसं मी तिला सांगितलं. पोरीने माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "राग येणार नसेल तर डोकं जरा इकडे करा."

माझ्या वयाच्या बाईच्या डोक्याचा वास आजवर कुणी घेतला नव्हता. तिने घेतला. माझ्या डोक्यावरच्या रुमालाला नाक लावलं आणि नुसती मान हलवली.

"फिचे कधी झाला तुमच्याकडे?"

तेव्हा माझा हात आपोआप डोक्याकडे गेला.

फिचे म्हणजे आमचं सिदामांचं नवं वर्ष. त्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरात नसते. गावातली तारे पाहणारी म्हातारी माणसं आकाश बघतात आणि सांगतात, अमुक दिवशी. यंदा त्यांनी सांगितलं तेव्हा मधे दोन दिवस उरले होते आणि आमची निवड ऐन भरात होती. सणाला काम बंद. लोण्यात बुडवलेलं बुरिसामे, आमचं सणाचं जेवण, सगळ्यांनी एका ताटात खायचं, केसांत ताजं लोणी भरायचं, 'आयिदे चंबलाला' अशा नव्या वर्षाच्या शुभेच्छा देत घरोघर फिरायचं. आणि ते लोणी सण संपेपर्यंत, म्हणजे दोन आठवडे, धुवायचं नाही. पण माल न्यायचा ट्रक ठरलेला होता. तिसऱ्या दिवशी मीच बायकांना हाक मारली. वर पत्रा तापलेला, चाळीस डोकी, चाळीसही लोण्याने माखलेली. घाम पुसायला हात कपाळावर, कपाळावरून दाण्यांत. आणि पोत्याच्या आतल्या प्लास्टिकच्या पिशवीचं तोंड आवळून बांधलेलं. वास जाणार कुठे?

मग आम्हाला तो का नाही आला? सगळ्यांनाच लोण्याचा वास असेल तर लोण्याचा वास येणार कुणाला!

"दुसरा नमुना देता येतो का?" मी विचारलं.

"सात दिवसांत. एकदाच. पण माल तोच असेल तर उगाच पेट्रोल जाळू नका."

बाहेर अंगणात मेस्फिन उभाच. त्याला निकाल माझ्याआधी कसा कळतो ते मला माहीत नाही.

"तादेलेच बाई, वाईट झालं," तो म्हणाला, आणि चेहऱ्यावर वाईट कुठेच नव्हतं. "पण मी आहे ना. सत्तरही पोती उचलतो. माझ्या दुसऱ्या मालात मिसळली की खवटपणा कुणाच्या बापाला कळतोय?"

"आणि गावाचं नाव?"

"नाव घेऊन काय चाटायचंय? तुमच्या बायकांना म्हणावं, आधी डोकी धुवा, मग निर्यात करा."

त्याच्या तोंडून निघालेलं हे पहिलं शहाणपणाचं वाक्य. त्याला मात्र ते कळलं नाही.

गावी परतले ती थेट होतेसो आबांच्या अंगणात. आबा ऐंशीच्या पुढचे. तारे पाहणाऱ्यांत सगळ्यात मोठे. सणाची तारीख त्यांच्याच तोंडून निघते. डोक्यावर लोण्याचा थर, कानामागून ओघळ. त्यांना सगळं सांगितलं आणि म्हटलं, "आबा, बायकांना उद्या केस धुवू द्या. डोकी स्वच्छ झाली तरच आम्हाला खराब पोती हुंगून काढता येतील."

"सण संपायला आठ दिवस आहेत."

"माझ्याकडे सात आहेत."

"सणाचं लोणी सणाच्या मधे धुवायचं? कुणाच्या घरात झालंय असं? वर्ष उलटेल आपल्यावर!"

"उलटलंच आहे आबा. तारीख तुम्ही दोनच दिवस आधी सांगितलीत. तारे तुम्हाला दिसतात, शेडमधली पोती दिसत नाहीत."

अंगणातली माणसं माझ्याकडे वळली. आबांशी असं कुणी बोलत नाही. आबांनी काठी आपटली.

"तारे काय मी फिरवतो? तू बोलावलंस बायकांना, मी नाही. ताऱ्यांवर कसली डाफरतेस?"

खरं होतं. "हो, मी बोलावलं," मी म्हटलं. "म्हणूनच निस्तरायला आले. नाहीतर घरी बसून रडले असते."

"पण बिघडलं काय त्यात? लोणी तर आपण कॉफीत घालतोच!"

मी उठले. शेडमधून दोन मुठी दाणे आणले. एक मूठ सणाच्या आधी भरलेल्या पोत्यातली, एक सण लागल्यावर भरलेल्या. आबांच्याच चुलीवर वेगवेगळ्या तव्यांत भाजले. आम्ही भाजतो तसे काळेठिक्कर नाही, रुतच्या तिथे पाहिले तसे तांबूस. कुटले, उकळले. लोणी नाही, मीठ नाही. दोन कप आबांपुढे ठेवले, कुठला कुठला ते सांगितलं नाही.

आबांनी पहिला तोंडाला लावला. "ही झकास! आपल्या घरची."

"ते आमच्या डोक्याचं लोणी आहे आबा."

सगळं अंगण फुटलं. माझ्याबरोबर आलेली वर्कनेश मावशी तर भिंतीला धरून हसली. आबा काही हसले नाहीत. चिडून त्यांनी दुसरा कप उचलला. एक घोट घेतला. मग आणखी एक, सावकाश. मग कप खाली ठेवून त्यात बघत राहिले.

"ही कुठली?"

"तुमच्या परसातल्या झाडांची. तुमचं पोतं सणाआधी वेगळं भरलेलं."

"माझ्या?"

"बापाने लावलीत ना तुमच्या? तीच."

आबांनी कप पुन्हा उचलून तळापर्यंत संपवला. मग म्हणाले, "ऐंशी वर्षं मी या झाडांखाली झोपलो. हे मला कुणीच का दिलं नाही?"

"कारण हे नेहमी दुसऱ्याच्या नावाने गेलं, आबा. घरी लोणी घालायला कुणाची ना नाही. आपला कप, आपला हात. पण तिकडच्या गिऱ्हाइकाने आपल्याकडे झाडाची चव मागितलीय. आपलं डोकं नाही मागितलं."

आबा उठले. काठी टेकत पाण्याच्या पिंपापाशी गेले, आणि कुणी पुढे व्हायच्या आत तांब्या भरून आपल्याच डोक्यावर ओतला. लोणी असं सहज जातंय होय! पाणी नुसतं घरंगळलं.

"बघता काय?" ते ओरडले. "साबण आणा! आणि वर्ष उलटलं तर मी बघतो काय ते. ताऱ्यांशी माझी ओळख आहे."

दुसऱ्या दिवशी ओढ्यावर चाळीस बायका रांगेने वाकल्या. बारा साबण संपले. पुढचे दोन दिवस मी कुणाच्या घरात लोणी कढवू दिलं नाही. नवरे कुरकुरले. मी म्हटलं, उपाशी तर नाही ना, गप खा.

चौथ्या दिवशी सत्तरही पोती उघडली. प्रत्येक पोत्यात तीन नाकं घालायची, तिघी एकमेकींना न सांगता बोट वर किंवा खाली करणार. आणि आता वास आला! इतका आला की मला लाज वाटली. हे मी स्वतःच्या हाताने हवासाला नेलं होतं आणि वर त्या पोरीशी भांडलेही होते.

वर्कनेश मावशी एका पोत्यात खांद्यापर्यंत घुसली आणि बाहेर येऊन म्हणाली, "हे माझंच."

"तुझंच कशावरून?"

"मी लोण्यात तुळस घालते. ओळखलं मी मला."

"मग तुझ्या नावाने पाठवू का परदेशी?"

"पाठव. एखादा म्हातारा तरी वास काढत येईल."

संध्याकाळपर्यंत चौदा पोती बाजूला झाली. तीनपैकी एकीचं जरी बोट खाली गेलं तरी मी पोतं काढलं. दोघीतिघी म्हणाल्या, अगं, ह्याला जरासाच आहे, चालेल. मी म्हटलं, चालेल हा शब्द मेस्फिनचा आहे, त्याच्याकडेच राहू दे. उरलेली छप्पन आम्ही स्वच्छ टेबलांवर पुन्हा ओतली, पुन्हा निवडली, नव्या पिशव्यांत भरली. प्रत्येकीच्या डोक्याला धुतलेलं फडकं. आबा दारात स्टूल टाकून बसले होते आणि आत शिरणाऱ्या प्रत्येकीचं डोकं हुंगत होते. "वर्षभर आकाशाकडे बघायचं, आणि शेवटी हे," असं स्वतःशीच पुटपुटत होते, पण जागचे हलले नाहीत.

सातव्या दिवशी मी पुन्हा हवासाला. रुतने पुन्हा पाच कप मांडले. सुरका मारला. एक, दोन, तीन. तिसऱ्याला मी तिच्या तोंडाकडे पाहिलं, थुंकते की काय. ती पुढे सरकली. चौथा, पाचवा. मग उलट्या क्रमाने मागे येत पाचही पुन्हा घेतले. कागदावर काहीतरी लिहिलं आणि कागद माझ्याकडे फिरवला.

पहिला दर्जा.

"डोकं दाखवू का?" मी विचारलं.

"नको, इथवर साबणाचा वास येतोय," ती म्हणाली. मग हसली. "उरलेली कॉफी टाकून देते मी आता. कप रिकामे करायचे असतात."

"टाकतेस कुठे? इकडे आण."

पाचही कप मी उभ्याउभ्या प्यायले. गार झाले होते. संत्र्याची साल लागली, मध लागला. हे सगळं माझ्याच गावच्या बांधावर उगवतं आणि ते माझ्या जिभेपर्यंत यायला माझं अर्धं आयुष्य गेलं, याचा मला अजूनही राग आहे. तो मी गिळणार नाही.

छप्पन पोत्यांवर दंबालो छापलं. पत्र्यात अक्षरं कापून वरून काळा रंग मारायचा होता. पहिलं पोतं आबांनी केलं. पत्रा सरकला, शेवटचं अक्षर वाकडं आलं. मी ते पुसू दिलं नाही. ट्रक निघाला तेव्हा आबांनी जाहीर केलं की पुढच्या वर्षीपासून तारे पाहणारे आधी शेडमध्ये येऊन निवड कुठवर आली ते बघतील, आणि सण पडणारच असेल तर बायका आधी पोती शिवून घेतील. मग लोणी. ताऱ्यांना एवढं समजून घ्यायला काय झालं, असंही म्हणाले.

ट्रक गेल्यावर चौथ्या दिवशी मेस्फिनचा फोन.

"अभिनंदन हं, तादेलेच बाई. ती चौदा पोती उरलीत ना तुमच्याकडे? मी घेतो. त्याला कोण विचारणारंय दुसरं?"

मी दारातून बाहेर पाहिलं. आबांच्या अंगणात तवा तापला होता, वर्कनेश मावशी दाणे परतत होती, अर्धं गाव कप घेऊन बसलं होतं आणि मधोमध लोण्याचा गोळा. यंदा पहिल्यांदा आमच्या चुलीवर काळा, किडका दाणा नव्हता. होता तो अख्खा, टपोरा, फक्त आमच्या डोक्याचा वास लागलेला.

"ती गावाला लागतात," मी म्हटलं. "तुला हवीच असली तर तुझ्या त्या नाचणाऱ्या बकरीला विचार."