गार्गीचं वाक्य

"एकसाथ आहे का घरी?" फोनवरच्या पोराने विचारलं.

सिद्धेश आंघोळीला गेला होता, म्हणून त्याचा मोबाइल वडिलांनी उचलला. राजेश परब आधीच कामावर जायच्या घाईत. म्हणाले, "कोण एकसाथ? हंय सिद्धेश रवता!"

पलीकडे हशा झाला आणि फोन बंद.

पोरगं कॉलेजात गेलं की नवे मित्र करील, नवी भाषा उचलील, इतपत तयारी घाटकोपरच्या त्या घराने केली होती. पोराला तिथे नवं नावही देतात, याचा विचार कुणी करतं का हो?

ते नाव असं पडलं. सिद्धेश पहिलीपासून बारावीपर्यंत एकाच शाळेच्या आवारात वाढलेला. अंधेरीच्या कॉलेजात नाट्यमंडळाच्या पहिल्या बैठकीला मंडळ सांभाळणाऱ्या मृणालिनी मॅडम आत आल्या, तसा हा सवयीने उठला, हात जोडले आणि खणखणीत म्हणाला, "एक साथ नमस्ते!" उठलेला तो एकटाच. तिसऱ्या वर्षाचा अनय, म्हणजे मंडळाचा हीरो, म्हणाला, "बसा, एकसाथ!" झालं. त्या दिवसापासून एकसाथ चहा आणी, एकसाथ खुर्च्या मांडी.

नव्या पोरांना नावं ठेवायची मंडळात प्रथाच होती. गार्गी दिंडोशीची, हळू आवाजात बोलणारी. ती 'म्यूट' झाली. खुद्द अनयलाही पहिल्या वर्षी 'डबा' म्हणत, कारण तो आईने दिलेला डबा आणायचा. पुढे त्याने डबा आणणं सोडलं आणि दुसऱ्यांना नावं ठेवणं धरलं. वर म्हणायचा, "आम्ही पण सहन केलंय यार! मजा असते."

मजा! सिद्धेश ती मजा वर्षभर मनात मुरवत होता. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत त्याच्या हाती प्रकाशयोजना आली, तेव्हा त्याला झोपेतसुद्धा हसू येऊ लागलं.

मुलुंडच्या नाट्यगृहात पडद्यामागे त्याने गार्गीला सांगितलं, "अनयचं शेवटचं भाषण आहे ना? ऐन रंगात आलं की लाइट घालवणार. त्याची अशी वाट लावतो की बघच!"

"मग तुला कुणी सिद्धेश म्हणणार?"

"नाही म्हणू देत. पण तो अंधारात चाचपडताना मला बघायचाय."

"अंधारात दिसणार काय रे तुला? त्याच्या भाषणानंतर माझं वाक्य आहे. आख्ख्या नाटकात एकच आहे."

"दहा आकडे मोजून लाइट परत आणतो. तुझ्या वाक्याला हात लावणार नाही, शप्पथ!"

नाटक होतं इमारतीच्या पुनर्विकासाचं. अनय बिल्डरचा गोडबोल्या माणूस. सगळे रहिवासी त्याच्या भाषणाला भुलतात आणि तेवढ्यात कोपऱ्यातली गार्गी उठून म्हणते, "मी सही करणार नाही!" त्या एका वाक्यावर नाटक उलटायचं. ते ऐकायला तिची आई, जानकीबाई, रजा टाकून तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या.

भाषण रंगलं. सिद्धेशने खटका ओढला. काळोख!

अनय अडखळला. सिद्धेशच्या छातीत सुखाची कळ उठली. एक, दोन, तीन... पण अनय कसलेला गडी. काहीतरी बिघडलंय हे ओळखून त्याने मधलं सगळं गाळलं आणि थेट शेवटचं वाक्य ठोकलं. पडदा पाडणाऱ्याला वाटलं, काळोख झाला म्हणजे नाटक संपलं. त्याने पडदा पाडला. गार्गी उठलेली होती, तिचं तोंड उघडलेलं होतं आणि पुढे नुसतं कापड!

आता गंमत बघा. परीक्षकांना वाटलं, शेवटी अंधारात बिल्डर जिंकतो, काय धाडसी कल्पना! अनयला अभिनयाचं बक्षीस. आणि प्रकाशयोजनेचं? सिद्धेश राजेश परब!

अनयने येऊन मिठी मारली. "झकास रे सिद्धेश!" वर्षभरात पहिल्यांदा त्याच्या तोंडून हे नाव आलं, आणि ते सिद्धेशला शिवीसारखं लागलं. कारण पलीकडे जानकीबाई विचारत होत्या, "तू कधी बोलणार होतीस गं?"

"राहिलं आई," गार्गी म्हणाली.

सिद्धेशने ट्रॉफी मृणालिनी मॅडमपुढे ठेवली. "मॅडम, ती योजना नव्हती. मला अनयला पाडायचं होतं."

"साल्या!" अनयने हात उगारला.

गार्गी मध्ये आली. "थांब! तुला डबा म्हणाले, तू याला एकसाथ केलंस. याने सूड तुझ्यावर उगवला, पण बुडालं माझं वाक्य. तुला बक्षीस, यालाही बक्षीस! आता मी कुणाचं बुडवू सांग ना! जूनमध्ये येणाऱ्या एखाद्या पोरीचं?"

अनयचा हात खाली आला. मॅडमनी ट्रॉफी उचलली आणि परत करायला परीक्षकांच्या खोलीकडे निघाल्या. सिद्धेश त्यांच्या मागोमाग गेला.

मंडळींनो, सूड वरच्यावर नेम धरून सोडला, तरी लागतो तो खालच्याला. वरचा सावरतो, कधी कधी बक्षीसही घेऊन जातो. ज्याच्या वाट्याला जेमतेम एकच वाक्य आलेलं असतं, त्याचं तेवढंही जातं. आपल्याला मिळालेला अपमान पुढे सरकवायचा नाही, आपल्यापाशीच संपवायचा. जिरवायचीच असेल, तर त्या प्रथेची जिरवावी!

जूनमध्ये मंडळाची बैठक भरली. मॅडम आत येताच गोवंडीचा एक नवा मुलगा ताडकन उठला आणि हात जोडून उभा राहिला. मागून कुणीतरी खिदळलं, "चला, याचं काय नाव ठेवायचं? सगळ्यांना मंजूर?"

"मी सही करणार नाही!"

गार्गीचा तो आवाज पार शेवटच्या बाकापर्यंत गेला. खिदळणं थांबलं.

सिद्धेशने शेजारची खुर्ची पुढे ओढली. "नाव काय रे तुझं?"

"भीमराज."

"बस, भीमराज."